रांग नसलेला स्टॉल

परवा नाशकात डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर प्रदर्शन बघून आल्यावर पाय दुखतात म्हणून कुरकुर केली, तर नवरा म्हणाला, "फ्रँकफर्टला दिवसभर हिंडलीस, तेव्हा नाही दुखले?"

दुखले होते. सांगितलं नव्हतं.

2015चा सप्टेंबर, शनिवार 19 तारीख. तेव्हा आम्ही फ्रँकफर्टजवळ राहायचो. आयएए हा तिथला दर दोन वर्षांनी भरणारा मोटर शो. त्या वर्षी नऊ लाखांवर माणसं येऊन गेली, म्हणजे आपल्या गोदाकाठी गंगाघाटावरची कुंभमेळ्याची पर्वणीच. पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि घरून आलेला कोंडाजी चिवडा. मर्सिडीजचा थाट 1909 सालच्या घुमटाच्या फेस्टहालेत, अख्खी इमारत एकट्या कंपनीला! साहेब एका लाल पोर्शेत बसायला पाऊण तास रांगेत. आत मिळाली दोन मिनिटं. फोटोतला चेहरा वरातीच्या घोड्यावर बसल्यासारखा.

माझं डोकं मात्र आदल्या रात्रीच्या बातमीत होतं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने फोक्सवॅगनला पकडलं होतं. चाचणी चालू आहे हे गाडीतलं सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं धुरातलं प्रदूषण आवरायचं. सुमारे 4 लाख 82 हजार डिझेल गाड्या! आणि इथे त्यांच्या हॉलमध्ये दिव्यांचा नुसता झगमगाट, लोक दारं उघडून-लावून आवाज ऐकतायत. मला तेव्हाच वाटलं, आजही वाटतं, की मोटर शोमध्ये आपल्याला दाखवतात तो फक्त रंग. ज्यावर गाडीची खरी परीक्षा, ते कुणी बघतच नाही.

नवऱ्याला तिथेच सोडून मी सुट्या भागांच्या हॉलमध्ये गेले. बॉशच्या स्टॉलवर काचेत इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल सोडणारा भाग, उभा कापून ठेवलेला. टोकाला नोझल, त्याची भोकं जेमतेम केसाएवढी, आणि त्यातून डिझेल 2000 बारच्या आसपास, म्हणजे हवेच्या सुमारे दोन हजार पट दाबाने फवारतं. माझे अण्णा नाशिकच्या सातपूरला मायको कंपनीत हीच नोझलं बनवत रिटायर झाले. (कंपनीचं नाव 2008 मध्ये बॉश झालं, नाशकातला चौक अजून मायको सर्कलच आहे.) लहानपणी खंडेनवमीला त्यांच्या मशीनवर झेंडूचा हार बघितलाय. तेलाचा आणि झेंडूचा तो मिसळलेला वास फ्रँकफर्टच्या त्या एसी हॉलमध्ये नाकात आला, खोटं नाही सांगत.

आपल्या नाशकात स्कॉर्पिओ बनते, पण शाळेच्या सहली अजूनही पांडवलेण्यालाच. एखादं कापलेलं इंजिन पोरांसमोर ठेवा की! पुढे 2019 मध्ये फ्रँकफर्टची गर्दी साडेपाच लाखांवर आली आणि 2021 पासून शो म्युनिकला गेला. मला आश्चर्य वाटलं नाही. नुसता रंग तर मोबाइलवरही दिसतो.

त्या दिवशी नोझलचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. अण्णांचा लगेच फोन.

"तिथं रांग होती का गं?"

"नाही अण्णा, मी एकटीच होते."

"मग नीट बघ. घाई करू नको."