पगार वाढवण्याआधी सुपरवायझरला बोलायला शिकवा

नागपूरजवळच्या बुटीबोरी, हिंगणा एमआयडीसीतले कारखानदार भेटले की एकच रडगाणं : माणूस टिकत नाही, हजार रुपयांसाठी समोरच्या कंपनीत जातो. हजार रुपये हे राजीनाम्यात लिहायला सोपं कारण आहे. सुपरवायझर चारचौघांत आईबहिणीवरून बोलतो, हे कोण लिहून देणार?

सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, हात बसलेला ऑपरेटर उचलून सुपरवायझर करायचा, ही आपल्याकडची सगळ्यांत महागडी बढती. मशीनवरचा चांगला हात जातो आणि पोरं पळवून लावणारा साहेब तयार होतो. बढतीआधी महिनाभर एक नवीन मुलगा त्याच्या हाताखाली द्या. कसा शिकवतो ते पाहा, मगच ठरवा.

"बाजूला उभा राहून पाहून घे" याला शिकवणं म्हणत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांसाठी बसवलेली चार पायऱ्यांची पद्धत आजही चालते. आधी त्याला काय येतं ते विचारायचं. मग कारण सांगत काम करून दाखवायचं. मग त्याच्याकडून करून घ्यायचं, तेही तोंडाने बोलत बोलत. शेवटी एकटं सोडायचं, पण अधूनमधून फेरी मारत राहायचं. आपल्याकडे तिसरी पायरी हमखास गाळली जाते. "समजलं ना?" म्हटलं की मुलगा मान हलवतो. मग बनवलेला जॉब, म्हणजे सुटा भाग, रिजेक्ट, मग "काहून बे, किती वेळा सांगाचं?", आणि पंधरा दिवसांत पोरगा गायब.

ऐकायचं कसं? महिन्यातून एकदा, प्रत्येकाशी 20 मिनिटं. 12 माणसांचे महिन्याला चार तास होतात, फार नाहीत. एचआरने नव्हे, सुपरवायझरनेच बसायचं, आणि शिफ्टच्या वेळेतच. शिफ्टनंतर बसवलं तर त्याचं सगळं लक्ष बसकडे. "सब ठीक?" विचारलं तर "हो साहेब" एवढंच मिळतं. त्यापेक्षा विचारा : कुठलं काम दोनदा करावं लागलं? कशासाठी खोळंबून राहिलास? पुढे कोणती मशीन शिकायची? मग खरं निघतं. मे महिन्यात कूलरची हवा शेवटच्या मशीनपर्यंत पोचत नाही. ओव्हरटाइमचे दोन तास पगाराच्या स्लिपवर दिसत नाहीत.

हे वहीत तीन रकान्यांत लिहा : काय म्हणाला, कोण करणार, कधीपर्यंत. जमणार नसेल तर आठ दिवसांत कारणासकट "नाही" सांगा. नकार माणूस पचवतो. उत्तरच आलं नाही, तर पुढच्या महिन्यात तो पुन्हा "हो साहेब"वर येतो.

ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट दराचा, त्यामुळे दोन तासही लहान रक्कम नसते. दर शनिवारी तासांची यादी बोर्डावर लावा. चूक पगाराआधीच सापडेल.

आणि सुट्ट्या. निम्मी पोरं गावाकडची. मृगाचा पाऊस पडला की पेरणीला चार दिवस लागणारच. हे मे महिन्याच्या बोलण्यातच विचारून ठेवा, बदली माणूस ठरवा. नाहीतर तो न सांगता जातो, परत येतो तेव्हा गेटवर गैरहजेरीचं पत्र हातात पडतं, आणि ते घडी करून खिशात घालून तो समोरच्या कंपनीत विचारायला जातो.