सेत्सुकोच्या वाटणीची पेज

आमच्या वाचनालयाच्या कमिटीत सध्या एक वाद पेटलाय. व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन ओळींच्या वर काही लिहिलं की मधेच कुणीतरी ‘लाईट कधी येतली?’ विचारतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे. बाहेर पाऊस आहे, तुम्हालाही कुठे जायचं नसेल.

झालं असं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या, मैदानात चिखल, पोरं घरात मोबाईलला चिकटलेली. म्हणून दर शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या हॉलमध्ये एक सिनेमा लावायचं ठरलं. गेल्या शनिवारी मी ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ लावला. मराठी सबटायटल नव्हती, तेव्हा माइक हातात घेऊन मीच इंग्रजी ओळी मराठीत, आणि अर्ध्या वेळा मालवणीत, वाचत होतो. दुसऱ्या दिवशी दोन पालक दारात. ‘कार्टून दाखवणार म्हणालात म्हणून पोरांना पाठवलं. रडत घरी आली. आमची तर ताटावर बसून विचारत होती, त्या पोरीला कुणी जेवायला का नाही दिलं? मुद्दाम कशाला रडवायचं पोरांना?’

माझं म्हणणं सरळ आहे. पोरीने ताटावर बसून तो प्रश्न विचारला, तिथेच सिनेमाचे पैसे वसूल झाले.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: जपानच्या स्टुडिओ जिब्लीचा १९८८ चा सिनेमा, दिग्दर्शक इसाओ ताकाहाता. १९४५ सालचं कोबे शहर. १४ वर्षांचा सेइता, त्याची ४ वर्षांची बहीण सेत्सुको. बाप नौदलात, बोटीवर. विमानांतून आगीचे बॉम्ब पडतात, आई भाजून जाते. पोरं लांबच्या नात्यातल्या एका बाईकडे राहायला जातात. पुढे काय होणार ते सिनेमा पहिल्याच मिनिटात सांगून टाकतो. मुलाचं भूतच आपल्या मरणाची तारीख सांगतं. त्यामुळे ‘वाचतील का?’ ही धाकधूक राहत नाही. उरतं ते फक्त बघणं.

आणि बघायचं काय, तर तांदूळ. लोकांना वाटतं युद्धाचा सिनेमा म्हणजे बॉम्ब. इथे बॉम्ब थोडा वेळ पडतात. बाकी सगळा वेळ कुणाच्या भांड्यात काय पडलं, एवढंच चाललेलं असतं. ती बाई या पोरांच्या आईचे किमोनो विकून तांदूळ आणते. मग वाढताना आपल्या कामावर जाणाऱ्या मुलीला डाव तळाशी घालून घट्ट वाढते, आणि या दोघांना वरची निवळ. कोकणातल्या माणसाला याचं भाषांतर करून द्यावं लागत नाही. पेजेचा डाव खोल गेला की वरच्यावर फिरला, हे आपल्याला लांबूनसुद्धा कळतं. पंगतीतलं डावं-उजवं बघत आपण मोठे झालोय. त्या वेळी मी सबटायटल वाचत होतो तर पुढच्या रांगेतला एक पोरगा म्हणाला, ‘नको वाचू, समजला.’

आता यातली खरी गंमत पुढे आहे. मागच्या खुर्चीवर नव्वदीला टेकलेल्या आमच्या शेजारच्या काकी बसल्या होत्या. सगळा हॉल त्या बाईवर चिडलेला. काकी मात्र म्हणाल्या, ‘तिचा काय चुकला रे? तिच्या घरातव खाणारी तोंडा होतीच मां.’

माझ्या मते हॉलमध्ये कुणी काही शहाणपणाचं बोललं असेल तर ते हेच. कारण काकींनी ते दिवस बघितलेत. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि रंगूनहून येणारा तांदूळ थांबला. आपल्या इथल्या कातळावर आणि दळ्यांत पिकणारा भात वर्षभर कुणाला पुरला होता? घरोघरचा कर्ता मुंबईला, गिरणीत नाहीतर गोदीत. मनीऑर्डर वेळेवर यायची. काकी सांगतात, पैसे होते रे, पण दुकानात तांदूळ नव्हते. कणगीच्या तळाला हात लागला की त्यांची आई नाचणीत पाणी वाढवायची. आणि घरात आश्रयाला आलेल्या एका पोरक्या पुतण्याला सगळ्यांत शेवटी वाढायची. ‘आवस वाईट नव्हती,’ असं काकी दोनदा म्हणाल्या. पुतण्याचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

सिनेमातसुद्धा नेमकं हेच आहे. सेइताच्या आईचे पैसे बँकेत आहेत. तो काढून आणतोही. पण तोवर पोरगी खेळण्यातल्या गोट्या गोळ्या समजून चोखायला लागलेली असते, आणि मातीचे गोळे वळून ‘दादा, जेव’ म्हणत पुढे करते. आमच्या हॉलमधल्या एका मुलीला ती भातुकली वाटली. ती हसली. मग तिच्या लक्षात आलं की सेत्सुको खेळत नाहीये.

ही मूळ कथा अकियुकी नोसाका यांची, १९६७ ची. त्यांची धाकटी बहीण युद्धाच्या शेवटी उपासमारीने गेली. तिच्या वाटणीचं आपणच खाल्लं, हे त्यांनी पुढे स्वतः सांगितलंय. कथेतला भाऊ बहिणीवर जीव ओवाळून टाकतो, कारण खऱ्या भावाला ते जमलं नव्हतं. हे कळल्यावर मी सिनेमा परत पाहिला, तेव्हा त्या नात्यातल्या बाईवर पहिल्यासारखं चिडता येईना.

आता मुख्य प्रश्न. हेच खरे नट घेऊन केलं असतं तर? या कथेवर तसेही सिनेमे निघालेत. पण मनात घर करून बसला तो चित्रांचा. का?

मला सुचलेलं सांगतो. कॅमेऱ्यासमोर चार वर्षांची पोरगी उभी केली की तिचं नाक, तिचे कपडे, तिचं रडण्याचं नाटक, सगळं तिचं. ती कुणाची तरी पोर असते. चित्रातली पोर दोन-चार रेघांची, त्यामुळे बघणारा आपल्या घरातलं पोर तिच्यात बसवतो. आणि दुसरं, चित्रात काहीच आपोआप होत नाही. पोरगी उकिडवी बसली तर कुणीतरी बसून, ती कशी बसेल याचा विचार करून, तिला तसं काढलेलं असतं. आई भेटणार नाही हे कळल्यावर सेत्सुको शाळेच्या मैदानात खाली बसून रडते. सेइताला तिची समजूत काढता येत नाही. तो तिथल्या लोखंडी दांड्याला लटकून कोलांट्या मारत राहतो, एकामागून एक. तोंडातून शब्द नाही. १४ वर्षांच्या मुलाला रडणाऱ्या बहिणीसमोर दुसरं काय सुचणार? हे ज्याने कागदावर उतरवलं त्याने पोरं नीट बघितलेली आहेत.

सेत्सुकोचा आवाज खरोखर एका ५ वर्षांच्या मुलीचा आहे, आणि तो आधी रेकॉर्ड करून चित्रं नंतर त्यावर बेतली. आकृत्यांच्या कडा नेहमीच्या काळ्या शाईऐवजी बहुतेक ठिकाणी तपकिरी आहेत, म्हणून माणसं पडद्यावर चिकटवल्यासारखी दिसत नाहीत. आणि आग कशी दिसते हे ताकाहातांना कुणी सांगायला नको होतं. २९ जून १९४५ ला ओकायामावर बॉम्ब पडले तेव्हा ९ वर्षांचे ताकाहाता रात्रीच्या कपड्यांत, अनवाणी, बहिणीबरोबर त्या गावातून पळत होते.

‘मुद्दाम रडवता’ म्हणणाऱ्यांना माझा उलटा प्रश्न. तुमच्या पोराच्या मोबाईलवर गाझाचे, युक्रेनचे तुकडे रोज येतात. ढिगाऱ्यातून काढलेलं पोर, खाली कसलं तरी गाणं, पंधरा सेकंद, की बोट वर. लगेच क्रिकेट. ते चालतं? तिथे पोरं रडत नाहीत याचीच मला जास्त काळजी वाटते. इथे दीड तास एकाच पोरीबरोबर बसावं लागतं. तिचं नाव कळतं, तिला काय आवडतं ते कळतं, मच्छरदाणीत काजवे सोडून ती कशी हसते ते दिसतं. (पहिल्या पावसाच्या आधी बांधावरच्या झाडांत काजवे पेटतात तेव्हा आमची पोरं बाटल्या घेऊन हेच करतात. आईने कान पिळेपर्यंत.)

पण रडवण्याच्या ताकदीला मी देव मानत नाही. याच पेन्सिलीने पोरांना युद्धाला तयारसुद्धा केलंय. जपानचा पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट कुठला? मोमोतारोचा, ‘उमी नो शिनपेई’, एप्रिल १९४५, नौदलाच्या पैशाने काढलेला. पीचमधून जन्मलेला लोककथेतला पोरगा आणि त्याचे गोंडस प्राणी बेटं ‘मुक्त’ करतात. शेवटी छोटी प्राणीपोरं पॅराशूटच्या उडीचा खेळ खेळतात, आणि उडी पडते ती जमिनीवर काढलेल्या अमेरिकेच्या नकाशावर. चित्रं सुरेख आहेत, तीच तर पंचाईत. तो सिनेमा शहरांत लागला तेव्हा शहरांतली बरीच पोरं आधीच खेड्यांत हलवलेली होती, कारण वरून बॉम्ब पडत होते. म्हणजे ज्यांच्यासाठी काढला तीच प्रेक्षकांत कमी.

आणि ‘फायरफ्लाइज’वरही माझा एक आक्षेप आहेच. त्या काळात जपानी सैन्याने चीनमध्ये, कोरियात काय केलं, तिथल्या सेत्सुकोंचं काय झालं, याचा त्यात मागमूस नाही. ताकाहाता स्वतः म्हणायचे की हा युद्धविरोधी सिनेमा नाही. बरोबर आहे त्यांचं. आपल्या पोरांसाठी रडणं सोपं असतं, सगळे देश रडतात.

म्हणून मला सुनाओ काताबुची यांचा २०१६ चा ‘इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड’ काकणभर सरस वाटतो. हिरोशिमाजवळचं कुरे हे नौदलाचं बंदर, तिथे सून म्हणून आलेली सुझू. पुन्हा तांदूळच. ती रेशनचा तांदूळ फुगवून दुप्पट दिसेल असा शिजवते, आणि घरातले एक घास खाऊन गप्प. (आमच्याकडच्या सासवांनी गप्प बसून सोडलं नसतं.) छोट्या भाचीचा हात धरून चालताना उशिरा फुटणारा बॉम्ब फुटतो. भाची जाते आणि तिला धरलेला सुझूचा उजवा हात जातो, तिचा चित्रं काढायचा हात. त्या क्षणी पडद्यावरची चित्रं नाहीशी होतात, काळ्यावर नुसते ओरखडे उरतात. पण मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती शरणागतीच्या दिवसाची गोष्ट. गावात कुठेतरी कोरियाचा झेंडा वर चढताना दिसतो, आणि सुझूच्या लक्षात येतं की आपलं हे शरीर समुद्रापलीकडून आलेल्या तांदळाचं बनलंय. आपण कुणाच्या ताटातलं खाल्लं, हे तिला तेव्हा उमगतं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती अशी.

हिरोशिमाचा ‘बेअरफूट गेन’ (१९८३) मात्र मी लहानांना दाखवणार नाही, हे तक्रारवाल्या पालकांना आत्ताच सांगून ठेवतो. केजी नाकाझावा ६ वर्षांचे असताना त्या सकाळी हिरोशिमात होते. वडील, बहीण, भाऊ गेले. त्यांनी जे पाहिलं ते तसंच काढलंय, वितळणाऱ्या माणसांसकट. मोठ्यांनी बघावा, आणि एकट्याने बघू नये.

‘आपल्याकडे कुठे युद्ध झालं?’ असंही कमिटीतल्या एकाने विचारलं. किनाऱ्यावर राहून हे विचारायचं? तांबड्या समुद्रात व्यापारी बोटींवर हल्ले सुरू झाले तेव्हा या वाडीतल्या किती बायका नवऱ्याचं ‘लास्ट सीन’ बघत रात्र काढत होत्या, हे त्यांना माहीत नसेल. सेइता बापाला पत्रं पाठवत राहतो आणि उत्तर येत नाही, तेव्हा हॉलमध्ये कोण कोण चुळबुळत होतं ते मी माइकजवळून बघितलंय. आणि रत्नागिरीला जा, थिबा राजवाडा बघून या. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशची राजधानी मंडाले घेतली आणि तिथल्या थिबा राजाला कुटुंबासकट उचलून आपल्या किनाऱ्यावर आणून ठेवलं. १९१६ मध्ये राजा इथेच वारला. त्याच्या मुली रत्नागिरीच्या पावसात वाढल्या. आपण शाळेच्या सहलीत त्या राजवाड्यासमोर फोटो काढले आणि बटाटेवडे खाल्ले. तिथे राहणाऱ्या चार मुलींनी दिवसभर काय केलं असेल, हा प्रश्न कुणा गुरुजींनी विचारल्याचं आठवत नाही. मराठीत कुणाला चित्रपट काढायचा असेल तर हा विषय तयार आहे. खरे नट, खरे दागिने यांचा खर्च नको, चांगली पेन्सिल धरणारी चार पोरं हवीत. सावंतवाडीत लाकडाची फळं हुबेहूब रंगवणारे हात आहेत, त्यांना पोरं रंगवता येणार नाहीत?

असो. कमिटीचा निर्णय झालाय, तीन विरुद्ध दोन. येत्या शनिवारी ‘द ब्रेडविनर’ आहे, २०१७ चा, आयर्लंडच्या कार्टून सलूनने केलेला. तालिबानच्या काळातलं काबूल. ११ वर्षांच्या परवानाच्या मास्तर बापाला धरून नेतात. घरातल्या बाईमाणसाला पुरुषाशिवाय बाजारात जायची बंदी, मग ती केस कापून मुलगा होते आणि घरासाठी कमवायला बाहेर पडते. मधे मधे ती एक गोष्ट सांगते, ती कागद कापून केलेल्या चित्रांसारखी दिसते. सात वर्षांखालची पोरं आईबापांबरोबरच पाठवा.

सबटायटल वाचायला या वेळी बाईचा आवाज हवाय. परवाना माझ्या घोगऱ्या आवाजात बोलली तर पोरं हसतील. कुणाला जमणार असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा, संवाद आधी वाचायला देतो. इन्व्हर्टर चार्ज करून ठेवलाय. खुर्च्या कमी पडतात, म्हणून आपापली चटई आणा.