बासवुडची गिटार आणि पट्ट्याचं बटण : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मागच्या लेखात मी लिहिलं होतं, की रोज वाजवायची इलेक्ट्रिक गिटार घेताना बासवुडच्या, म्हणजे गिटारच्या बॉडीसाठी (मुख्य धडासाठी) वापरतात त्या एका मऊ लाकडाच्या, वाटेला जाऊ नये. त्यावर तुमचं म्हणणं असं : लाकूड रंगाखाली झाकलेलं असतं, हात लागतो तो पॉलिशला, झिजतं तेही पॉलिशच, मग लाकडावरून गिटार नापास का करायची? आणि माझा लेख वाचून तुमच्या मुलीने चांगली चालू बासवुडची गिटार असताना दुसरी मागितली, हेही तुम्ही लिहिलंत. त्याचं मला खरंच वाईट वाटलं. म्हणून दोन ओळींत न उरकता सविस्तर लिहितो.

झिजण्याबद्दल तुमचं बरोबर आहे. आयरिश गिटारवादक रोरी गॅलाघर यांच्या १९६१ च्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारचे फोटो बघा. घामाने आणि वापराने तिचा रंग जवळपास सगळा गेला, लाकूड उघडं पडलं, तरी ते ती वर्षानुवर्षं वाजवत राहिले. ते लाकूड आल्डर, म्हणजे काही फार कठीण नव्हे. बाही घासून, घाम लागून बॉडीचं लाकूड संपलं अशी एकही गिटार माझ्याकडे दुरुस्तीला आलेली नाही. तेव्हा ‘वाटेला जाऊ नये’ हे वाक्य मी मागे घेतो.

पण ‘लाकडाचा काही संबंधच नाही’ हे मला पटत नाही.

लाकडाचा कठीणपणा मोजायची जांका नावाची चाचणी आहे. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो ते बघतात. बासवुडला साधारण ४१० पौंड, पॉपलरला ५४०, आल्डरला ५९०, होंडुरासच्या महोगनीला ९०० च्या आसपास, व्हाइट अ‍ॅशला १३२० आणि हार्ड मेपलला १४५०. म्हणजे यांत बासवुड सगळ्यात मऊ. आता स्वस्त गिटारींवर बहुतेक पॉलिएस्टरचा जाड थर असतो. तो स्वतः चांगला कठीण असतो, त्यामुळे बारीक ओरखडे तो झेलतो. पण टेबलाच्या कोपऱ्यावर गिटार आपटली, की खालचं मऊ लाकूड दबतं, वरचा थर दबू शकत नाही, आणि टवका उडतो. खाली पोकळ राहिलेली फरशी जशी तडकते तसंच. नायट्रोसेल्युलोज लॅकर या दुसऱ्या पॉलिशचा थर पातळ असतो, तो लाकडाबरोबर दबतो. तिथे टवक्याऐवजी खळगा दिसतो. म्हणजे मार पॉलिशवर बसला तरी त्याला आधार खालच्या लाकडाचाच.

खरं दुखणं मात्र वेगळ्या जागी आहे, आणि ते मी मागच्या लेखात नीट सांगितलं नाही. स्क्रू.

तुम्ही बडोद्याचेच, तेव्हा नवरात्रीत गरब्याच्या स्टेजवर काय चालतं ते तुम्हाला सांगायला नको. नऊ रात्री, दर रात्री तीन-चार तास उभं राहून वाजवायचं, आणि तालाबरोबर अंग हलतंच. साडेतीन किलोची गिटार खांद्याचा पट्टा अडकवायच्या दोन बटणांवर लटकलेली, आणि प्रत्येक बटण एका स्क्रूवर. आमच्या वादकांच्या पार्टीत सहाव्या रात्री माझ्याच बासवुडच्या गिटारचं बटण स्क्रूसकट बाहेर आलं. गिटार पडली आणि खालच्या कडेचा रुपयाएवढा टवका गेला. घरी येऊन स्क्रू उजेडात धरला, तर आट्यांमध्ये लाकडाची फिकट पिठी गच्च भरलेली होती. बोटांत चोळली तर मैद्यासारखी मऊ. भोकात काडी घातली, ती सैल फिरली. आटे धरायला लाकूड उरलंच नव्हतं.

त्यात आणखी एक गोष्ट आहे. बॉडीच्या लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेने धावतात आणि मागच्या बटणाचा स्क्रूही त्याच दिशेने आत शिरतो. रेषांच्या दिशेने घातलेल्या स्क्रूची पकड कुठल्याही लाकडात कमीच असते. बासवुडमध्ये ती फारच लवकर सुटते. ट्रेमोलोच्या, म्हणजे तारा बांधलेल्या हलत्या पट्टीच्या, पुढच्या दोन खुंट्यांचंही तेच. तारांची मिळून सुमारे ४० किलोची ओढ त्यांच्यावर असते. मऊ लाकडात त्या हळूहळू पुढे कलतात, मग गिटार सुरात राहीना म्हणून लोक तारा बदलत बसतात. नेकच्या, म्हणजे गिटारच्या लांब मानेच्या, स्क्रूंची काळजी मात्र करू नका. ते बॉडीतून नुसते आरपार जातात, त्यांचे आटे बसतात नेकच्या लाकडात, आणि ते बहुतेक वेळा मेपल असतं.

आता तुमचा सागाचा मुद्दा. बडोद्याजवळच्या संखेड्याचं लाखेच्या रंगाचं सागवानी फर्निचर प्रसिद्ध आहे, त्यावरून तुम्ही विचारलंत : ‘संखेड्याचा साग पिढ्यान् पिढ्या टिकतो, मग त्याची गिटार का नाही?’ प्रश्न मला फार आवडला. आमच्या घरीही आजीचा संखेड्याचा झोपाळा आहे, लाखेचा रंग अजून तसाच. पण तो टिकाऊपणा एकट्या सागाचा नाही. कातारी लाकूड लेथवर फिरवतो आणि फिरत्या लाकडावर उष्णतेने लाख बसवतो. गिटारची चपटी, वळणावळणाची बॉडी लेथवर कशी चढवणार? शिवाय साग तेलकट, जोड चिकटवायचा किंवा पॉलिश धरायचं तर आधी तो पुसून तेल काढावं लागतं. आणि वजनाला आल्डरच्या जवळपास दीडपट. नऊ रात्री तो खांद्यावर घ्यायचा विचार करून बघा. टिकेल नक्कीच, पण पाठीचं काय?

तेव्हा मुलीला सांगा, गिटार बदलायची गरज नाही. दोन्ही बटणं हाताने फिरवून बघा. हलत असतील तर स्क्रू काढा, भोक सहा मिलिमीटरचं करा आणि त्यात बीचच्या गोल दांडीचा तुकडा लाकडाचा गोंद लावून ठोका. सुताराकडे दांडी सहज मिळेल. एक रात्र वाळू द्या. मग स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडा आणि स्क्रूला थोडं मेण लावून हळू फिरवा. पॉवर ड्रिलने अजिबात नको, नवे आटे पहिल्याच फेरीत जातात. बटणाखाली नमद्याची चकती घाला, म्हणजे पॉलिश तडकणार नाही. माझी तीच बासवुडची गिटार अशी दुरुस्त केल्याला चार नवरात्री झाल्या, बटण हललेलं नाही. जमत नसेल तर दसऱ्याआधी कधीही माझ्याकडे घेऊन या. मुलीलाही आणा, तिच्याच हाताने करू.