आधी भाववाढ, मग भरपाई

श्रीलंकेच्या २०२२ च्या आर्थिक संकटावरच्या लेखातलं ‘नाणेनिधीच्या ३ अब्ज डॉलरनी श्रीलंका सावरली’ हे वाक्य पटलं नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी ही अडचणीतल्या देशांना अटींवर कर्ज देणारी संस्था; तिच्याकडून ही रक्कम ४८ महिन्यांत, हप्त्याहप्त्याने आणि प्रत्येक आढाव्यानंतर मिळायची होती. मार्च २०२३ मध्ये हाती आला तो पहिला हप्ता, जेमतेम ३३ कोटी डॉलरचा. २०२२ मध्ये पंपांवर रांगा लागल्या तेव्हा इंधन, धान्य, औषधं आली ती बरीचशी भारताने दिलेल्या सुमारे ४ अब्ज डॉलरच्या मदतीतून. नाणेनिधीच्या मंजुरीच्या शिक्क्याचा खरा उपयोग जुन्या सावकारांशी बोलणी सुरू होण्यासाठी झाला, आणि तोही कमी नाही.

नुकसान होतं ते कर्जाच्या अटींच्या क्रमामुळे, म्हणजे आधी भाववाढ आणि मग गरिबांना भरपाई, आणि त्यावर लेखात ओळही नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथे रॉकेल लिटरला ८७ श्रीलंकन रुपयांवरून थेट ३४० वर गेलं. लहान होड्यांची यंत्रं रॉकेलवर चालणारी. इंधनाचा खर्चच चौपट झाल्यावर मासळी मिळेल की नाही या भरवशावर होडी कोण लोटणार? गरिबांच्या खात्यात थेट पैसे देणारी ‘अस्वेसुमा’ योजना सुरू झाली जुलै २०२३ मध्ये, म्हणजे जवळजवळ वर्षभराने. भाव एका रात्रीत वाढवता येतो, पण लाभार्थ्यांची यादी, पडताळणी, बँक खाती यांत महिने जातात. डिझेल परताव्याची वाट बघणाऱ्या हर्णै-मालवणच्या नौकामालकांना हे वेगळं सांगायला नको! यादी आधी तयार करून भाव तीन-चार टप्प्यांत वाढवले असते, तरी स्वस्त इंधनामुळे होणारा तिजोरीचा तोटा भरून निघालाच असता, फक्त काही महिने उशिरा.