प्रतिपालकत्वाचे पैसे म्हणजे दत्तक घेण्याचा भत्ता नव्हे

‘मिशन वात्सल्यमधून मूल घरी आणा, 18 वर्षं महिना 4000 मिळवा, नंतर मूल कायमचं तुमचं. एकूण 8 लाख 64 हजार. वयाची अट नाही. जात निवडता येईल. स्टॅम्प पेपरवर काम. फॉर्म फी 1100, खालच्या नंबरवर जीपे करा.’ हा मेसेज आमच्या वाडीच्या ग्रुपवर फिरत फिरत देवगडच्या माझ्या मावसबहिणीपर्यंत पोचला. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. तिने आधारची झेरॉक्स, लग्नाचा दाखला, दोघांचे फोटो प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून ठेवले आणि मला फोन केला, “दादा, ह्यां खरां काय रे?”

नाही. आणि ज्याने हा हिशोब मांडला त्याने मुलाची किंमत लावली आहे, याचीच मला जास्त चीड आहे.

महिना 4000 हा आकडा खरा आहे, एवढं मान्य करावं लागेल. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बालसंरक्षण योजनेत प्रतिपालकत्वासाठी तेवढी रक्कम आहे. पण ती मुलाच्या जेवणखाण, शाळा, औषधपाण्यासाठी. प्रतिपालकत्व म्हणजे आईवडील सांभाळू शकत नाहीत किंवा दत्तक जाण्याची शक्यता उरलेली नाही अशा मुलाला बाल कल्याण समितीच्या आदेशाने दुसऱ्या कुटुंबात ठेवणं. ते कुटुंब पालनकर्तं असतं, मूल त्यांच्या नावावर होत नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 44 उघडून बघा. समितीने अशा घराची दर महिन्याला तपासणी करायची, असं तिथे आहे. आणि जे मूल दत्तक देण्याजोगं आहे ते दीर्घकालीन प्रतिपालकत्वात द्यायचंच नाही, हेही त्याच कलमात आहे. ‘पैसे घेत सांभाळा, मग आपोआप तुमचं’ हा सगळा डोलारा तिथेच कोसळतो. प्रतिपालकत्वाच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षं सांभाळल्यावर प्रतिपालकांना तेच मूल दत्तक मागता येतं, हे खरं. पण आधी मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त व्हावं लागतं, आणि दत्तक झाल्यावर हे अनुदान थांबतं. मग 18 वर्षांचा गुणाकार कुठून आला?

‘वयाची अट नाही’ तर धडधडीत खोटं. दोन वर्षांखालच्या मुलासाठी नवराबायकोच्या वयांची बेरीज 85 च्या आत लागते, लग्नाला किमान दोन वर्षं झालेली लागतात. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही. मुलाची जात निवडायची सोय कुठेच नाही.

स्टॅम्प पेपरचं मात्र नीट समजून घ्या, कारण आपल्याकडे भावाचं मूल भावाने घ्यायची रीत जुनी आहे. हिंदू कुटुंबात आईवडिलांना स्वतः आपलं मूल 1956 च्या हिंदू दत्तक कायद्याने दत्तक देता येतं, त्याचं दत्तकपत्र नोंदवता येतं. पण त्याच कायद्याच्या कलम 17 ने दत्तकासाठी पैसे घ्यायला मनाई आहे. आणि दवाखान्यातल्या कुणाच्या ओळखीने, मध्यस्थामार्फत पैसे मोजून बाळ आणलंत तर ती मुलाची खरेदी. बाल न्याय कायद्याच्या कलम 81 खाली पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड. रुग्णालयातला माणूस सामील असेल तर त्याला किमान तीन वर्षं, कमाल सात. मध्यस्थ नंबर बंद करून पसार होतो, पोलीस तुमच्या दारात येतात, आणि बाळाला उचलून संस्थेत नेतात.

अनाथ, सोडलेल्या किंवा संस्थेकडे सुपूर्द केलेल्या मुलाच्या दत्तकाची वाट एकच आहे : ‘कारा’ या केंद्राच्या दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर नोंदणी, घरी येऊन होणारी गृहभेट, मग यादीतला नंबर. वेळ लागतो, कित्येकदा वर्षं जातात. शुल्क ठरलेलं आहे आणि कुणाच्या खासगी मोबाईलवर जात नाही. फॉर्म भरताना अडलं तर सिंधुदुर्गवाल्यांनी ओरोसला, बाकीच्यांनी आपापल्या जिल्ह्याच्या ठिकाणी बाल संरक्षण कक्षात विचारावं. बहिणीचं फोल्डर आता तिथेच जाईल.

ज्यांनी 1100 भरलेत त्यांनी आजच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. कुणी बाळ ‘मिळवून देतो’ म्हणत असेल तर 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर कळवा.