‘रेड डॉट लावा, ट्रिगर हलका करा’: नव्या पिस्तुलाबद्दलच्या त्या मेसेजला उत्तर

पुण्यातल्या नेमबाजी शिकणाऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘नवीन .२२ स्पोर्ट्स पिस्तूल घेताय? हे वाचल्याशिवाय पैसे भरू नका.’ मला तो चौघांनी पाठवला, आणि चौघांनीही ‘ताई, हे बरोबर आहे का?’ असं विचारलं. मेसेजमधलं म्हणणं थोडक्यात असं: रेड डॉट साईट (काचेत लाल ठिपका दाखवणारं नेम धरायचं साधन) घ्या, नेम आपोआप सुधारतो. लोखंडी साईटच (मागे खाच, पुढे पट्टी) घ्यायची तर पुढची पट्टी मिळेल तितकी बारीक घ्या. दोन साईटमधलं अंतर जास्तीत जास्त हवं. ट्रिगर जितका हलका तितका चांगला. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरशिवाय हल्ली कुणी खेळत नाही. ग्रिप मोठी घ्या, लाकूड घासता येतं, जोडता येत नाही. त्याखाली हमखास कुणीतरी तुर्कस्तानचा ऑलिंपिक नेमबाज यूसुफ दिकेच याचा खिशात हात घातलेला फोटो टाकतं आणि लिहितं, ‘हे सगळं थोतांड आहे, बघा, काही न लावता पदक.’

प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा इथे सविस्तर लिहिते. हे पिस्तूल म्हणजे दिवाळीला घेतलेला मोबाईल नव्हे. शस्त्र परवाना, आयात, मग हातात पडेपर्यंतची वाट, यात घरातल्यांचे पैसे आणि खेळाडूचे महिने दोन्ही जातात. चुकीचं घेतलं तर बदलून मिळत नाही.

रेड डॉटपासून सुरुवात करते, कारण तो मुद्दा सगळ्यात महागात पडेल. आपण बालेवाडीला ज्या २५ मीटर स्पर्धेची तयारी करतो ती आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनी खेळली जाते, आणि त्या नियमांत पिस्तुलावर फक्त उघडी, म्हणजे मेसेजमधली लोखंडी, साईट चालते. दुर्बीण, आरसा, लेझर, प्रकाशाचा ठिपका, सगळं बाद. नंबराची काचसुद्धा पिस्तुलावर बसवता येत नाही, ती चष्म्यातच हवी. अमेरिकेतल्या बुल्सआय प्रकारात रेड डॉट सर्रास वापरतात, साठीतल्या डोळ्यांना तो वरदान आहे, हे मला मान्य आहे. पण तो खेळ वेगळा. इथे रेड डॉटवर हात बसवलेला खेळाडू उघड्या साईटवर आला की त्याची नजर पुढच्या पट्टीवर राहायच्या ऐवजी सवयीने टार्गेटवर जाते, आणि ती तिथून परत आणणं म्हणजे पहिल्यापासून शिकवणं. तो पैसा शूटिंग चष्म्याच्या काचेवर घाला. डोळ्यापासून पुढच्या पट्टीपर्यंतचं अंतर नेम धरलेल्या स्थितीत कुणाकडून तरी टेपने मोजून घ्या आणि तो आकडा घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. वाचायचा चष्मा आणि लांबचा चष्मा, दोन्ही या अंतरासाठी नसतात.

आता बारीक पट्टी. इथे मला थोडं थांबायचंय, कारण मेसेजमधली ही एकच ओळ सगळ्यात जास्त नुकसान करते.

उघडी साईट म्हणजे मागे एक चौकोनी खाच आणि पुढे एक चौकोनी पट्टी. पट्टी खाचेत मधोमध दिसली पाहिजे, वरची कड दोन्हींची एका रेषेत, आणि पट्टीच्या दोन्ही बाजूंना उजेडाची सारखी फट. डोळा पट्टीची जाडी मोजत नसतो. तो डावीकडची फट आणि उजवीकडची फट यांची तुलना करत असतो. पट्टी फार बारीक केली की दोन्हीकडे इतका उजेड येतो की थोडा फरक पडलेला लक्षातच येत नाही. फार जाड केली तर फट मिटते आणि तुलना करायला काही उरत नाही. मधलं माप प्रत्येकाच्या डोळ्याचं, हाताच्या लांबीचं आणि रेंजवरच्या उजेडाचं असतं.

त्यात आपल्या स्पर्धेचे दोन भाग. पहिल्या ३० गोळ्या प्रिसिजनच्या, पाच गोळ्यांना पाच मिनिटं. पुढच्या ३० रॅपिडच्या: हात खाली ४५ अंशांत, टार्गेट ३ सेकंद समोर, मग ७ सेकंद विश्रांती. त्या ३ सेकंदांत हात वर येतो, पट्टी सापडते, ट्रिगर दाबला जातो. प्रिसिजनला सुखावणारी अरुंद फट रॅपिडला गळा दाबते. माझ्याकडे कोथरूडची एक मुलगी येते. नवं पिस्तूल आलं तेव्हा तिने हाच सल्ला ऐकून मागची खाचही अगदी अरुंद करून ठेवली होती. प्रिसिजनला छान मारायची, रॅपिडला दर सिरीजमध्ये, म्हणजे पाच गोळ्यांच्या फेरीत, एखादी गोळी शेवटच्या क्षणी झटक्यात सुटायची. मी तिच्यामागे उभी राहून पाहिलं. हात वेळेवर वर येत होता, पण वर आल्यावर पट्टीचं टोक खाचेत हुडकत थरथरत होतं, सुई ओवताना दोरा चुकावा तसं. बऱ्याच स्पोर्ट्स पिस्तुलांवर खाचेची रुंदी स्क्रूने कमी-जास्त होते. आम्ही ती थोडी उघडली. पुढच्या सिरीजला तिचा श्वास बदललेला मला ऐकू आला.

म्हणून पिस्तूल घेताना एवढंच विचारा: पुढची पट्टी बदलता येते का, वेगवेगळ्या रुंदीच्या पट्ट्या सोबत येतात का, आणि मागची खाच स्क्रूने जुळवता येते का. तीनही उत्तरं ‘हो’ असतील तर त्या साईटवर आणखी एक रुपया खर्च करायची गरज नाही. पावसाळ्यात बालेवाडीला ढग आले की तीच पट्टी वेगळी दिसते. त्या दिवशी साईटचा स्क्रू किती क्लिक फिरवला ते वहीत लिहा.

दोन साईटमधल्या अंतराबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. नियमाने हे अंतर जास्तीत जास्त २२० मिलिमीटर. साधं त्रैराशिक करून बघा: पट्टी खाचेत १ मिलिमीटर बाजूला गेली तर २५ मीटरवर गोळी सुमारे ११४ मिलिमीटर बाजूला जाते. प्रिसिजनच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे मध्यापासून २५. अंतर २०० असेल तर तीच गोळी १२५ जाईल. फरक आहे, नाही असं नाही. पण पट्टीची चूक मिलिमीटरच्या दहाव्या भागाची असते, तेव्हा हा फरक टार्गेटवर जेमतेम १ मिलिमीटर भरतो. उलट, साईट जुळलेली असताना अख्खा हात समांतर १ मिलिमीटर हलला तर गोळीही १ मिलिमीटरच हलते. नवशिक्याला हात हलताना दिसतो म्हणून तो हाताला घाबरतो, आणि त्या घाईत ट्रिगर खेचून पट्टी तिरकी करतो. २० मिलिमीटर जास्तीच्या अंतरासाठी हातात जड वाटणारं पिस्तूल घेऊ नका.

ट्रिगरचं दोन ओळींत. २५ मीटर पिस्तुलाला किमान १००० ग्रॅम. तपासणीला नळी उभी धरून ट्रिगरला वजन अडकवतात, ते उचललं गेलं पाहिजे. मॅचनंतरही तपासणी होते, आणि तिथे कमी भरलं तर सगळे गुण गेले. ‘मी हलका करून देतो’ म्हणणाऱ्याला पिस्तूल देऊ नका. वजनापेक्षा ट्रिगर दाबतानाचा पहिला टप्पा कुठे संपतो आणि दुसरा, गोळी सोडणारा, कसा सुटतो ते बघा.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर चांगला असतो. दाब दर वेळी सारखा लागतो, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण ‘हल्ली कुणी खेळत नाही’ हे खोटं. वॉल्थर आणि पार्दिनी या दोन्ही कंपन्या आपलं .२२ स्पोर्ट्स पिस्तूल मेकॅनिकल ट्रिगरमध्येही देतात आणि ते घेणारे आहेत. निवडताना प्रश्न असा विचारा की बिघडलं तर पुण्यात कोण उघडेल आणि सुटा भाग किती दिवसांत येईल. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरच्या एअर पिस्तुलात पात्रता फेरीच्या मध्येच बिघाड झाला, वेळ गेला, आणि ती ५७५ गुणांवर बाराव्या स्थानी राहिली. तिच्यामागे अख्खा संघ होता. आपल्यामागे कोण आहे? इलेक्ट्रॉनिकच्या वरच्या रकमेत दोन जादा मॅगझिन, एक फायरिंग पिन, एक एक्स्ट्रॅक्टर (रिकामी पुंगळी ओढून काढणारा भाग) आणि उरलेल्या पैशांच्या गोळ्या येतात. अर्ध-स्वयंचलित पिस्तुलात अडकण्याची सुरुवात बहुतेक वेळा मॅगझिनच्या वाकलेल्या ओठांपासून होते.

दिकेचच्या फोटोने खूप जणांना आनंद दिला, मलाही. पण ‘काही न लावता’ हे खरं नाही. त्याने लावला नव्हता तो डोळ्यावरचा पडदा आणि शूटिंगची खास काच. हातातलं पिस्तूल स्पर्धेचंच होतं, साईट जुळवलेली होती, कानात बोळे होते. ते त्याचं पाचवं ऑलिंपिक होतं, पहिलं २००८ सालचं. तो दोन्ही डोळे उघडे ठेवून मारतो आणि त्याला पडदा नको असतो, एवढंच त्या फोटोतून कळतं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेत याच २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं, तेव्हा कुणी तिच्या पिस्तुलाचे फोटो फिरवले नाहीत. फिरवले असते तर उघडी साईट आणि हाताला बसलेली ग्रिप एवढंच दिसलं असतं.

राहिली ग्रिप, आणि इथे मेसेज सरळसरळ उलटं सांगतो. लाकूड जोडता येतं. बाजारात मिळणारी लाकडाची पुट्टी मळायची, ग्रिपवर लावायची, ओली असताना हातात नेहमीसारखी पकडायची, सुकली की सँडपेपरने घासायची. लहान ग्रिप अशी भरून हाताला तंतोतंत बसवता येते. मोठी ग्रिप घासायला घेतली की आधी बोटांच्या खाचा जातात, मग अंगठ्याखालचा उंचवटा, आणि जी जागा कमी करायची असते तिथे आतून धातू लागतो. तळव्यात मोकळी जागा राहिलेलं पिस्तूल प्रत्येक गोळीला वेगळ्या जागी बसतं, मग साईट कितीही महाग असो. ऑर्डर देताना हाताचा तळवा कागदावर ठेवून पेन्सिलने आखा, मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजा, कंपनीच्या तक्त्याशी जुळवा. दोन मापांच्या मध्ये आलात तर लहान घ्या. कोथरूडच्या त्या मुलीच्या ग्रिपवर आता तीन ठिकाणी पुट्टीचे फिकट डाग आहेत. करंगळीखालचा तिसरा थर आम्ही मागच्याच रविवारी लावला, अजून घासायचा आहे.