बायोस डिफॉल्टवर टाकून कॉम्प्युटर नवा होत नाही भाऊ

सध्या आपल्या इकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला. कॉम्प्युटर स्लो झाला, व्हायरस लागला, पासवर्ड विसरला, तर बायोस डिफॉल्टवर, म्हणजे कंपनीच्या मूळ सेटिंगवर, टाका नाहीतर त्या सेटिंग आणि तारीख टिकवणारा मदरबोर्डवरचा छोटा सेल काढून पाच मिनिटानं परत बसवा, दर महिन्याले करत जा, मशीन कंपनीतून आल्यासारखी होते, आणि डेटा जात नाही म्हणून धोका काहीच नाही. हे वाचून सेवा केंद्रवाले पोट्टे भर जून-जुलैत मशीन खोलून बसतात. गावात ते एकच मशीन असते, ते बंद पडलं की उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, पीक विमा सगळं अडते, लोकं वावरातलं काम सोडून आलेले असतात. म्हणून एकेक गोष्ट घेतो.

पहिलं, स्पीड. बायोस म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमधला प्रोग्राम, बटन दाबल्यावर रॅम, डिस्क तपासते आणि मशीन विंडोजच्या हवाली करते. डिफॉल्ट केलं तर त्याच्या सेटिंग तेवढ्या मूळ जागी जातात, भरलेली सी ड्राइव्ह आणि सुरू होतानाच चालू होणारे पन्नास प्रोग्राम तसेच राहतात. उलट कोणी ३२०० ची डीडीआर४ रॅम टाकून एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण स्पीडवर चालवायची सेटिंग, चालू केलं असंल तर ते बंद होऊन रॅम २१३३ नाहीतर २४०० वर येते, म्हणजे मशीन आणखी हळू झाली. खरं कारण बहुतेक वेळा जुनी हार्डडिस्क आणि ४ जीबी रॅम, एसएसडी टाका, फरक लगेच दिसते. आणि अकोला-चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला, पंख्यात धूळ बसली, की प्रोसेसर गरम होऊन आपलाच स्पीड कमी करते, तिथं ब्रश मारा.

व्हायरसचं सांगायचं तर तो डिस्कवर असते, बायोसच्या सेटिंगमध्ये नाही. आता कोणी म्हणंल बायोसमध्ये घुसणारे पण असतात, तर हो, असतात. सीआयएच व्हायरसनं २६ एप्रिल १९९९ ले कितीतरी मशीनची बायोस चिपच खराब केली, आणि २०१८ ले लोजॅक्स सापडला तो चिपमध्येच लपून बसे, डिस्क बदलली तरी जाये नाही. पण असे पण डिफॉल्टनं जात नाहीत, कारण डिफॉल्टनं सेटिंग बदलतात, प्रोग्राम बदलत नाही, त्याच्यासाठी चिपमधला तो प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, पूर्ण नव्यानं लिहावा लागते. आपल्याकडं व्हायरस बहुतेक येते तो पेनड्राइव्हमधून, त्याले विंडोजमधल्याच डिफेंडर अँटीव्हायरसचा ऑफलाइन स्कॅन द्या.

पासवर्डचं थोडक्यात: विंडोजचा पासवर्ड विंडोजमध्ये असते, बायोसशी त्याचा संबंध नाही. बायोसचा पासवर्ड जुन्या डेस्कटॉपवर सेल काढून निघे, आताच्या लॅपटॉपवर तो वेगळ्या चिपमध्ये असते आणि सेल काढला तरी तिथंच राहते.

आता धोका काहीच नाही म्हणतात ते. याचाच मले राग येते. डेटा पुसल्या जात नाही हे खरं, पण त्या डेटापर्यंत पोचता आलं पाहिजे ना. साटा मोड म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, विंडोज टाकताना ती एएचसीआय होती आणि डिफॉल्टले दुसरी, रेड, आली, डेलच्या बऱ्याच मॉडेलमध्ये डिफॉल्ट रेडच असते, की विंडोज सुरू व्हायच्या आधीच निळी स्क्रीन. जुनं विंडोज ७ लेगसी, म्हणजे बूट व्हायच्या जुन्या पद्धतीनं, टाकलं असंल आणि डिफॉल्ट नवी पद्धत यूईएफआय असंल तर बूट डिव्हाइसच सापडत नाही. सिक्युअर बूट (ओळखीचंच विंडोज सुरू होऊ देणारी सेटिंग) बदललं आणि डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, चालू असंल तर ४८ आकडी रिकव्हरी की मागते, ती बहुतेक वेळा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते आणि ते अकाउंट मशीन विकणाऱ्यानं कोणत्या नंबरवर बनवलं हे मालकाले माहीतच नसते. की नाही सापडली तर डेटा गेला, समजून घ्या. वरून सेल काढला की तारीख मागं जाते, मग ब्राउझरले सर्टिफिकेट चालत नाही, पोर्टल उघडत नाही, डिजिटल सही होत नाही, आणि लोकं म्हणतात सर्वर डाऊन आहे.

काही ग्रुपवर त्याच मेसेजखाली "आधी बायोस अपडेट करा" असंही जोडलं आहे. हे तर यूपीएस नसताना करूच नका. डिफॉल्ट करताना लाइन गेली तर सहसा बिघडत नाही, अपडेट चालू असताना गेली तर बोर्ड मरू शकते.

रिसेट कामाचा नाही असं मी म्हणत नाही. रॅम बदलल्यावर स्क्रीनच येत नाही, कोणी पोट्ट्यानं प्रोसेसरचा स्पीड ठरल्यापेक्षा वाढवून (ओव्हरक्लॉक) ठेवला, अशा वेळी तोच उपाय आहे. सेटअप उघडत असंल तर आधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा, बूट मोड, साटा मोड आणि सिक्युअर बूट तर नक्कीच, विंडोज चालू होत असंल तर बिटलॉकर सस्पेंड करा, म्हणजे तात्पुरतं थांबवा, मग डिफॉल्ट. आणि लाइन जाऊन आली की दरवेळी तारीख मागं जात असंल तर रिसेट नाही, सेल बदलायचा आहे, बहुतेक डेस्कटॉपमध्ये ३ व्होल्टचा सीआर२०३२ असते, लाइनची पिन काढून मगच सेल बसवा आणि तारीख टाका.